आधी खोड, मग सौदा

खरं बोलणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण कुणी विचारायच्या आत खरं सांगून समोरच्याचा घास घशातच अडकवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासरी निघाला. माझ्या नवऱ्याचे थोरले मामा. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं, मी मामा म्हणते. देवाने जीभ दिली ती बोलायला आणि दात दिले ते तिला आवरायला, असं माझी आई म्हणते. मामांच्या दातांनी हे काम कधी मनावर घेतलंच नाही, आणि आता तर त्यांतले बरेचसे कामावरच राहिलेले नाहीत.

उंच, काटकुळे, पांढरं धोतर, डोक्याला रुमाल आणि खांद्यावर एक जाडजूड टॉवेल. हा टॉवेल तोंड पुसायचा नव्हे. कुणी चुकून त्याला हात पुसले तर मामा दिवसभर त्या माणसाशी बोलत नाहीत. तो त्यांच्या धंद्याचा टॉवेल. मामा बैलांचे दलाल. कर्नाटकातल्या भालकीपासून महाराष्ट्रातल्या उदगीरपर्यंतच्या बाजारांत देवणी जातीच्या बैलांचे सौदे लावण्यात त्यांची हयात गेली. हा सौदा कसा होतो ते लग्नानंतर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, दलाल वरून टॉवेल टाकतो, आणि टॉवेलाच्या आत बोटं दाबून किंमत ठरते. तोंडाने कुणी आकडा काढायचा नाही. बाहेरून बघणाऱ्याला दिसतात ते फक्त दोन चेहरे, एकाच वेळी पोटात कळ आल्यासारखे.

पण टॉवेल टाकायच्या आधी मामांचा एक विधी असे, जो बाजारातला दुसरा कुठलाही दलाल करत नसे. ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून चारचौघांत त्याची खोड सांगत. ‘हे डावं जनावर हाय का, चढाला बसतंय. बसलं की उठायचं नाव न्हाई. शेपटी पिरगाळून बी उठत न्हाई, मी करून बघितलंय. आन् हे उजवं, छत्री उघडली की बुजतंय. घरात कुणी छत्री वापरत असंल तर घेऊ नका.’ बैलाचा मालक शेजारी उभा राहून कपाळ बडवून घ्यायचा. गिऱ्हाईक चालायला लागायचं. मामा जागचे हलत नसत. ‘जाऊ द्या. खोड ऐकली की गिऱ्हाईक एकदा जातंयच. फेरी मारून येतंय.’ आणि खरोखर, बाजारभर ‘लेकरावाणी गरीब हाय हो, काय खोड न्हाई’ हे ऐकून कान किटलेला तो माणूस फिरून मामांपाशीच येऊन उभा राही. ज्याने शेपटीपर्यंतचं सगळं सांगून टाकलं त्याच्याकडे लपवायला आता काय उरलं, असा त्याचा हिशेब असे. ‘खोड सांगून दिलेलं जनावर वापस येत न्हाई,’ मामा म्हणत, ‘झाकून दिलेलं मातर मालकाच्या आधी दारात हुबं ऱ्हातंय.’

बाजारात हे ठीक आहे हो. मामांनी तेच घरातही चालवलं. मुलीच्या लग्नाचं बोलावणं करायला गावभर फिरले तेव्हा प्रत्येक उंबऱ्यावर उभं राहून सांगत सुटले, ‘या समदे. पर मंडप पत्र्याचा हाय, उकडणार. सैपाकी नवा हाय, भाताचा भरोसा न्हाई. आन् नवरदेवाचे काका भाषण करणार हाईत, त्यांना कुणाच्यानं थांबवणं होत न्हाई.’ मामी लाजेनं अर्धमेल्या झाल्या होत्या. पण लोक झाडून सगळे आले, आणि येताना घरचे हातपंखे घेऊन आले. भात करपला तेव्हा कुणी भुवई उचलली नाही. काकांचं भाषण तर सांगितल्यापेक्षा लवकर आटोपलं म्हणून टाळ्या पडल्या. घरी पाहुणा मुक्कामाला आला तर त्याला पाणी द्यायच्या आधी समजायचं, की खाट करकरते, पहाटे कोंबडा अगदी उशाशी येऊन ओरडतो आणि शेजारचा म्हातारा झोपेत शिव्या देतो. पाहुणे हसायचे, आणि पुढच्या वेळी पुन्हा मामांकडेच उतरायचे.

माझं लग्नही याच विधीने ठरलं. माझं माहेर बसवकल्याण. मला बघायला मंडळी आली. सासूबाई मुलाचं कौतुक करत होत्या, बरोबरचे पाहुणे त्यात भर घालत होते, आणि आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, मान डोलवत होते. मामांनी चुरमुऱ्याच्या सुशील्याची बशी खाली ठेवली, तोंड पुसलं (धोतराच्या सोग्याने, टॉवेलाने नव्हे) आणि म्हणाले, ‘अप्पा, पोराची खोड सांगतो. घोरतोय. साधं न्हाई, म्हशी दावं तोडतेत असं. सकाळचा चहा मिळंपर्यंत माणसात नसतोय. आईच्या शब्दाबाहेर जात न्हाई, तवा तुमच्या पोरीला पहिली दोन वर्सं जड जातील. दारू न्हाई, जुगार न्हाई. असती तर सांगितली असती.’ नवऱ्या मुलाचे कान लालेलाल झाले. सासूबाईंनी भावाकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर पुढे पहिली दोन वर्षं माझ्या वाट्याला आली. अप्पा उठून आत आले आणि आईला म्हणाले, ‘ह्याच घरात द्यायची. हितं जे हाय ते समोर दिसायलंय.’

दोन वर्षं खरंच जड गेली. पण मी रडत माहेरी गेले नाही. सांगितलेलंच होतं, आणि दोनच वर्षं सांगितली होती. घोरण्याचं मात्र मामांनी फार कमी करून सांगितलं होतं, ते मी अजून त्यांना ऐकवते.

पुढे मी नर्स झाले आणि नेमणूक नशिबाने मामांच्याच गावच्या उपकेंद्रात मिळाली. भालकीहून बसने जायचं, उसाच्या शेतांतून पायी आत शिरायचं, आणि महिन्यातून ठरलेल्या दिवशी अंगणवाडीत बर्फाची पेटी मांडून लेकरांना लस टोचायची. सगळं सुरळीत होतं. मग एका वर्षी लसीच्या प्रचाराला तालुक्यातून एक रिक्षा फिरू लागली. तिच्या कर्ण्यातून एक बाई अतिशय गोड कानडीत सांगायची, लस घ्या, ‘एनू आगल्ल, एनू आगल्ल!’ म्हणजे काही होत नाही, काही होत नाही.

आता दीड महिन्याच्या बाळाला जी सुई देतात तिने बऱ्याच लेकरांना ताप येतो. मांडी दुखते, सुजते, कधी सुईच्या जागी बारीकशी गाठ राहते. एक-दोन दिवसांत ताप उतरतो, गाठ हळूहळू आपली आपण विरते. मी प्रत्येक आईला हे सांगायची. पण माझा आवाज एक, रिक्षाला कर्णे दोन.

त्या महिन्यात मी राजेश्वरीच्या बाळाला टोचलं. राजेश्वरी म्हणजे गंगम्माची धाकटी सून. आणि गंगम्मा म्हणजे कोण, तर चार म्हशींची धनीण, स्वतः बाजारात उभी राहून स्वतःच्या हाताने टॉवेलाखाली सौदा करणारी, आणि मामांना एकदा नव्हे अनेकदा बोटांच्या सौद्यात हरवणारी बाई. बाळाला संध्याकाळी ताप भरला, मांडीवर गाठ आली. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा नेमकी त्याच गल्लीतून ‘एनू आगल्ल’ करत निघाली. गंगम्मा म्हशीची काठी घेऊन तिच्या पुढे उभी राहिली. ‘काय होत न्हाई म्हणायलीस व्हय गं? ये, उतर खाली. लेकराच्या अंगाला हात लावून बघ!’ रिक्षावाला बिचारा हात जोडून म्हणाला, ‘अक्का, बाई आत न्हाई. ती टेप हाय.’ ‘मग टेपला उतरव,’ गंगम्मा म्हणाली.

बाळाचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. गल्लीचा उतरला नाही. पुढच्या महिन्यात अंगणवाडीत बर्फाची पेटी होती, अंगणवाडीची ताई होती आणि मी होते. दुपारपर्यंत त्या गल्लीतलं एकही लेकरू आलं नाही. राजेश्वरीच्या बाळाची दुसरी सुई राहिली, तिचं बघून बाकीच्यांचीही. मी घरोघर गेले तर दारं आतून लावलेली. एका दाराच्या फटीतून आवाज आला, ‘एकदा खोटं बोलल्याव ना सिस्टर, मंग दुसऱ्यांदा खरं कशावरून?’ मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. तालुक्याच्या आमच्या आरोग्य खात्याच्या साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘म्हणूनच सांगतो, तापाचा विषयच काढू नका. ताप म्हटलं की लोक पळतात.’

परतताना मामांच्या ओट्यावर टेकले. मामांनी पाणी दिलं, माठ गळतो आणि पाण्याला शेवाळाचा वास येतो हे सांगून दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘सूनबाई, तुझी लस चांगली हाय. दलाल वाईट हाय.’

‘कोण दलाल?’

‘ती कर्ण्यातली बाई. काय होत न्हाई म्हणणाऱ्याकडून मी दावं बी घेणार न्हाई. जनावर आन् खोड न्हाई? देवाच्या नंदीला बी असती.’ मामा उठले. मग टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. ‘पुढच्या खेपेला मी येतो.’

आणि ते आले. अण्णा बैलाशिवाय टॉवेल घेऊन कुठे निघाले, हे बघायला त्यांच्या मागे निम्मी गल्ली आली. बायका लेकरं काखेला मारून लांब उभ्या राहिल्या. मामांनी बर्फाच्या पेटीच्या झाकणावर तळहात ठेवला, अगदी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि बाजारी आवाज काढला. ‘ऐका! ह्या लसीची खोड सांगतो. ताप येणार. मांडी सुजणार. लेकरू रातभर रडणार, तुमाला झोप न्हाई, शेजाऱ्याला झोप न्हाई. दूध सोडंल. डोळे तांबडे होतील. अंगभर पुरळ उठंल. चालायला उशीर लागंल...’ मी मागून त्यांचा टॉवेल ओढत होते. ‘आन् ही सिस्टर माझी सून हाय, तरी सांगतो, हात जड हाय तिचा!’

मी मान वर केली तोवर अंगण रिकामं झालं होतं. मामा निवांत होते. ‘गेल्या की न्हाई? आता बघ, फेरी मारून येतेत.’ आम्ही बसलो. ऊन सरकलं, पेटीतला बर्फ वितळायला लागला, ताईने सतरंजी गुंडाळली. फेरी मारून आलं ते एक कुत्रं.

मी त्या दिवशी मामांवर पहिल्यांदा चिडले. ‘मामा, डोळे तांबडे, चालायला उशीर, हे कुठनं आणलाव तुमी? असलं काय बी होत न्हाई.’

‘चार जास्तीच्या सांगितल्या तर काय बिघडलं? माणूस तयारीत ऱ्हातंय.’

‘लाथ न मारणाऱ्या बैलाला लाथाड म्हणून कधी इकलाव का?’

‘छ्या! बैलाची बदनामी कशी करावी माणसानं?’

‘मग माझ्या लसीची कामून केलाव?’

मामांनी रुमाल काढला, डोकं खाजवलं, रुमाल परत बांधला. सोडला, पुन्हा बांधला. शेवटी खाली बघत म्हणाले, ‘खोटी खोड सांगितली मी. झाकणं आन् वाढवणं, एकच की ते. या वयात दलालीला बट्टा लावून घेतला.’

मग सुरू झाली त्यांची शिकवणी. मी दुपारची मोकळी झाले की मामा ओट्यावर वाट बघत बसलेले असत. मी एकेक त्रास सांगायचा आणि त्यांनी उलटतपासणी घ्यायची. हे तू सोता बघितलीस का? किती लेकरांत? कवा सुरू होतंय, कवा जातंय? वर काय लावायचं? काही लावायचं नाही, चोळायचं नाही, हळद नाही, शेक नाही, तापाचं औषध मी देते तेवढंच, हे त्यांनी पाढ्यासारखं पाठ केलं. एक दिवस डोळे बारीक करून म्हणाले, ‘आन् समद्यात वाईट काय? ते तू गिळायलीस.’ मी सांगितलं, की फार क्वचित, हजारो-लाखोंत एखाद्या लेकराला सुईनंतर लगेच मोठा त्रास होऊ शकतो. म्हणून तर टोचल्यावर अर्धा तास बसवून घेतो, आणि त्यावरचं औषध माझ्या हाताशी असतं. मामा ताडकन उठले. ‘मंग हे सांगा की! लोकाला वाटतंय सिस्टरला गप्पा मारायला माणूस मिळत न्हाई म्हणून बसवून घेती.’

मग त्यांनी शेवटचं विचारलं. ‘सौद्याला दोन जनावरं असतेत, सूनबाई. एकाचीच खोड सांगून भागत न्हाई. ही सुई न घेतली तर? त्याची खोड काय?’ मी सांगायला लागले, घटसर्प, डांग्या खोकला... घटसर्पाशीच त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ‘ते मला ठाव हाय. माझी धाकटी बहीण त्यानंच गेली. गळा धरला तिचा. पाणी मागायची आन् गिळता येत नव्हतं.’ एवढंच बोलून ते गुरांना पाणी दाखवायला निघून गेले. गोठ्यात तेव्हा एकच बैल उरला होता आणि त्याला नुकतंच पाणी दाखवलेलं होतं. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

पुढच्या खेपेला मामांनी पुन्हा पेटीवर हात ठेवला. लोक तमाशा बघायला आले होते म्हटलं तरी चालेल. मामा म्हणाले, ‘आधी माझी खोड ऐका. मागच्या बारीला मी डोळे तांबडे म्हणालो, पुरळ म्हणालो, चालायला उशीर म्हणालो. त्या माझ्या पदरच्या. त्या वापस घेतो. सिस्टरचा हात जड हाय, ते तेवढं खरं हाय.’ बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बाजारात आयुष्य काढलेल्या दलालाने भर लोकांत आपला शब्द वापस घ्यावा, हे त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी ताप सांगितला, गाठ सांगितली, अर्धा तास का बसायचं ते सांगितलं, आणि शेवटी आवाज खाली आणून घटसर्प सांगितला. बहिणीचं नाव घेतलं नाही, पण म्हाताऱ्या माणसांनी माना खाली घातल्या. त्यांना ते लेकरू आठवत होतं.

कुणी निघून गेलं नाही. पण पुढेही कुणी आलं नाही. मग गर्दीतून गंगम्मा निघाली. मागे राजेश्वरी, कडेवर बाळ.

‘अण्णा, ताप किती दिस?’

‘एक-दोन.’

‘एक का दोन? मोघम बोलू नको.’ आणि तिने हात पुढे केला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं, गंगम्माकडे पाहिलं, गंगम्माचा हात धरला आणि खांद्यावरचा टॉवेल काढून दोघांच्या हातांवर टाकला. मी म्हटलं, ‘मामा, ताप काय बोटावर ठरतो का?’ दोघंही एका सुरात म्हणाली, ‘सिस्टर, मधी बोलू नका!’ टॉवेल हलत होता. गंगम्माचे ओठ आवळलेले, मामांच्या कपाळावर घाम. गंगम्मा एकावर अडली होती आणि आपण दोनाच्या खाली उतरलो नाही, हे मामांनी मला मागाहून सांगितलं. शेवटी तिने तोंड उघडलं. ‘आन् दोनाच्या वर गेला तर?’

‘तर मी तुझ्या दारात. सिस्टरला संगं घेऊन. दवाखान्याला न्यायची गाडी माझी, आन् लेकराला मांडीवर घेऊन बसणार बी मीच.’

गंगम्माने हात काढून घेतला आणि सुनेकडे वळली. ‘तुझं लेकरू हाय. तू बोल.’ राजेश्वरी, जी सासूसमोर कधी तोंड उघडत नसे, ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘पहिल्या सुईला तुमच्यावाणी रिक्षानं बी असं नीट सांगितलं असतं तर मी भ्याले नसते, सिस्टर. लेकरू तापलं तवा मला वाटलं, माझ्याच हातनं काय तरी चुकलं.’ आणि तिने बाळाचं झबलं वर केलं. मी टोचलं. जड हाताने का होईना, पण टोचलं. बाळाने गाव डोक्यावर घेतलं. अर्धा तास सगळी मंडळी सतरंजीवर बसली, मामांनी साखर कमी आणि आलं जास्त असल्याची पूर्वसूचना देऊन चहा पाजला, आणि बाळ चहा संपायच्या आत राजेश्वरीच्या खांद्यावर झोपून गेलं. तिच्या मागे एक आली, मग दुसरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा घरोघर फिरले. ‘आला का ताप?’ ‘आला अण्णा.’ ‘आला? वा वा! शाब्बास!’ लेकराला ताप आल्यावर एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. राजेश्वरीच्या बाळाचा ताप दिवस मावळायच्या आत उतरला, आणि गंगम्मा भर रस्त्यात ओरडली, ‘एकच दिस! सौदा मी जितले!’ मामा तोंड पाडून उभे राहिले. पाडलेल्या तोंडाखाली मिशी हसत होती ते मला दिसलं.

पण जग असं सरळ कुठलं? त्याच दिवशी एक आई माझ्या उपकेंद्राच्या दारात तक्रार घेऊन हजर. ‘सिस्टर, आमच्या लेकराला ताप आलाच न्हाई. पाणी टोचलाव का काय?’ तिच्या मागे आणखी एक, तीच तक्रार. मी समजावलं की काहींना येतो, काहींना नाही, लस दोघांनाही लागते. त्यांचं समाधान झालं. मामांचं होईना. ‘असंल बी आन् नसंल बी, ही कसली खोड? ही बाजारात चालत न्हाई.’ दोन दिवस ते या विचाराने जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी बसमधून उतरते तर रस्त्यातच उभे. ‘सापडलं! पाटलाचा पांढरा बैल. कधी लाथ मारायचा, कधी न्हाई. मारली तर भ्यायचं न्हाई. न्हाई मारली म्हणून बैल खोटा न्हाई.’ तेव्हापासून आमच्या गावात लस द्यायची म्हणजे आधी पाटलाचा पांढरा बैल सांगायचा. तो बैल मरून कित्येक वर्षं झाली, पण गल्लीतल्या लेकीसुना अजून त्याला ओळखतात.

पुढे एकदा साहेब आले. अंगण भरलेलं बघून चकित झाले, कौतुक करायला लागले. मामांनी त्यांच्या जीपवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘साहेब, तुमच्या रिक्षातली बाई लई गोड बोलती, पर खोड झाकती. आन् तुमच्या जीपचं मागचं टायर बसायलंय.’ साहेबांनी पहिलं हसण्यावारी नेलं. टायर गावाबाहेर बसलं. त्यानंतर का कोण जाणे, रिक्षातली टेप बदलली. तीच बाई, त्याच गोड आवाजात सांगू लागली, की ताप येऊ शकतो, घाबरू नका, आपल्या सिस्टरला विचारा. मामा ओट्यावर बसून कानामागे हात धरून पूर्ण ऐकत, आणि म्हणत, ‘आता बाई वळणावर आली.’

एव्हाना बाजारातले बैल कमी कमी होत गेले होते. शेतोशेती ट्रॅक्टर आले, आणि ट्रॅक्टरची खोड शोरूमवाला सांगत नाही. मामी गेल्या, मुलगी सासरी, मुलगा हैदराबादला. मामांचा टॉवेल बाहेर पडायचा तो महिन्यातून एकदा, अंगणवाडीच्या दारात. त्या दिवशी ते पहाटेच अंघोळ करून तयार असत. कधी मला बस उशिरा मिळाली तर लांबूनच त्यांची उंच आकृती दिसायची, कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघणारी. मी जवळ गेल्यावर म्हणायचे, ‘बर्फ वितळंल म्हणून बघायलो होतो.’

मग माझी बदली झाली. बीदरला. तिथल्या नौबाद भागात घर बघितलं, माझ्या मुलाचं नाव तिथल्या शाळेत घातलं. नव्या सिस्टरला मामांनी स्वतः गल्लीतून फिरवून आणलं. ‘ही नवी सिस्टर. मराठी कच्ची हाय, चिडती लवकर. हात मातर हलका हाय, आमच्या सुनेवाणी न्हाई.’ मी मागून चालत होते. मला हसू येत होतं, आणि पाय मुद्दाम सावकाश पडत होते.

निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो पुढे गेला आणि मी मुलाला घेऊन भालकीच्या बसस्टँडवर उभी राहिले. मामा गावाहून आले होते. मला वाटलं, मला निरोप देताना तरी हा माणूस चार गोड शब्द बोलेल. त्यांनी माझ्या बॅगेवर हात ठेवला. मी समजले.

‘बदलीची खोड सांगतो, ऐक. पहिले पंधरा दिस कुणी वळख दावणार न्हाई. नळाचा वार कळंपर्यंत घागरी रिकाम्या. पोरगा शाळेतनं रडत येईल. एखाद्या सांजेला तुला उगंच ताप आल्यावाणी होईल, काय करू वाटणार न्हाई. भ्यायचं न्हाई. उतरतोय. मागं बारीक गाठ ऱ्हाईल थोडे दिस. ती चोळत बसायची न्हाई.’

बस लागली. मुलाला आत चढवलं, खिडकीशी बसले. मग मला राहवेना. खिडकीतून वाकून विचारलं, ‘आन् तुमाला मामा? तुमाला काय होईल?’

मामांनी बसच्या टायरकडे पाहिलं. टपावरच्या सामानाकडे पाहिलं. स्टँडवरच्या सगळ्या गोष्टींकडे पाहून झालं, माझ्याकडे तेवढं पाहिलं नाही.

‘मला? मला काय व्हतंय,’ ते म्हणाले. ‘एनू आगल्ल.’

बस सुटली. वळणावर मी मागे वळून बघितलं, तर मामा तिथेच उभे होते आणि खांद्यावरच्या टॉवेलाने तोंड पुसत होते. तो टॉवेल तोंड पुसायचा नव्हे, हे मी आधीच सांगितलं आहे.